वाडा कधीही न पाहिलेल्या ‘वाडा कोलम’वाल्या शेठना

अंबाडी नाका, ता. भिवंडी, जि. ठाणे

शेठ,

आमच्या घरी पत्राची सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ने करायची रीत आहे. तुमच्यासाठी ती मोडली, आणि मोडताना हात अडखळला नाही. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. तुमच्यासारखे आणखी आहेत. एकट्याचे नाव छापले तर बाकीचे सुटलो म्हणतील. हे पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेलच. भिवंडीच्या त्या हॉलमध्ये, तुमच्या ऑनलाइन विक्रीच्या शिकवणीला, पहिल्या रांगेत वह्या घेऊन बसलेल्या अंबाडीच्या पाच बायका तुम्ही विसरला नसाल. चहाच्या सुटीत तुम्ही स्वतः आमच्यापाशी आलात आणि विचारलेत, ‘ताई, तुम्ही काय विकणार?’ मी म्हटले, ‘तांदूळ. माझ्या माहेरचा.’ तुम्ही विचारलेत, ‘माहेर कुठलं?’ मी म्हटले, ‘वाडा.’

तुम्ही मोबाईल काढलात, काहीतरी टाइप केलेत आणि बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिलात. तेव्हा मला वाटले, सर आपल्यासाठी माहिती शोधताहेत.

आधी तुमचे देणे चुकते करते. तुम्ही शिकवलेत चांगले. हा टोमणा नाही. त्या दिवसापर्यंत आमच्या बचत गटाची विक्री म्हणजे वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणाऱ्या गाड्या नाक्यावर थांबतात तिथे टेबल मांडायचे, पापड-कुरडया-नाचणीचे पीठ ठेवायचे आणि उन्हात बसायचे. अ‍ॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात दुकान उघडले तेव्हा त्यांचे पहिले गोदाम याच भिवंडीत झाले. तेव्हापासून आमच्याकडची किती पोरे-पोरी गोदामांत पॅकिंगला आणि स्कॅनिंगला जातात. बारा-बारा तास दुसऱ्यांच्या मालावर पट्टी चिकटवायची आणि घरी येऊन पाय चेपत बसायचे. आपल्या हातचा माल गोदामातल्या त्या सरकत्या पट्ट्यावर चढेल, हे आम्हाला सुचलेच नव्हते. तुम्ही ते सुचवलेत. माल आधी आणून गिऱ्हाईक मागून शोधू नका, गिऱ्हाईक काय मागते ते आधी बघा, हे तुमचे पहिलेच वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

ती वही माझ्यापुढे आहे. तीत काय काय आहे ते इथे लिहिते. नाक्यावरच्या इतर बायकांनाही ते उपयोगी पडेल, आणि कोणती विद्या कुठे वापरलीत हे तुम्हालाही एकदा सलग वाचायला मिळेल.

पहिले साधन फुकटचे. बाजाराच्या साइटवर शोधायची जी पेटी असते तिच्यात दोन-तीन अक्षरे टाकायची आणि थांबायचे. खाली शब्दांची रांग येते. लोक खरोखर जे टाइप करतात, बहुतेक त्यातूनच ती येते. आपण ‘हातसडीचा तांदूळ’ म्हणतो आणि गिऱ्हाईक भलतेच काही म्हणते, हे तिथे कळते. दुसरे गूगल ट्रेंड्स. २००६ पासून कोणालाही खुले आहे. त्यातला १०० हा आकडा म्हणजे शंभर माणसे नव्हेत. त्या काळातला सगळ्यात जास्त शोध म्हणजे १०० आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात. हे तुम्ही दोनदा सांगितलेत, कारण पहिल्यांदा आमच्यातल्या कोणालाच कळले नव्हते. कुठली मागणी दिवाळीला चढते, कुठली बारमाही राहते, हे त्या रेषेवर दिसते.

तिसरे कीपा. अ‍ॅमेझॉनवरच्या मालाची किंमत महिनोन् महिने कशी हलली, याचा आलेख ते काढते. ‘मूळ किंमत’ म्हणून खोडून दाखवलेला आकडा कधी खरा होता की नाही, हे त्यात उघडे पडते. मग त्या साइटवरचा बेस्ट सेलर क्रमांक. तो तासातासाला बदलतो, म्हणून एका दिवसाच्या क्रमांकावर भाळू नका, तीन महिने बघा, असे तुमचे सांगणे होते. हीलियम टेन, जंगल स्काउट ही पैसे भरून घ्यायची साधने. कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, समोरच्याचा माल किती खपत असेल, याचे अंदाज ती देतात. ‘अंदाज’ या शब्दाखाली तुम्ही फळ्यावर रेघ ओढली होती. ईबेची गोष्टही सांगितलीत. मुंबईची बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने विकत घेतली आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये ईबेचे इथले दुकान बंद झाले. पण तिथले जुने विक्रेते एक गोष्ट शिकून गेले होते: कोणी काय भावाला मांडले आहे ते बघू नये, काय भावाला विकले गेले ते बघावे. ईबेने टेरापीक नावाचे साधन २०१७ मध्ये विकत घेतले ते याच कामासाठी.

आणि शेवटचे साधन, जे मला सगळ्यात आवडले. समोरच्याच्या मालाखालचे एक, दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचायचे. पाच तारेवाला ‘छान’ म्हणतो आणि जातो. दोन तारेवाला नेमके सांगतो की पिशवी फाटकी आली, खडे निघाले, भात चिकट झाला. लोकांचे दुःख तिथे लिहिलेले असते, ते दूर करा म्हणजे धंदा होईल, असे तुम्ही म्हणाला होता. शेठ, त्या वाक्यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी आल्यावर पंधरा दिवस आम्ही दुसरे काही केले नाही. गटातल्या एकीची मुलगी बारावीला होती. तिने सगळे शब्द घालून पाहिले. पापडाला हजार विक्रेते. नाचणीच्या पिठाला मोठमोठ्या कंपन्या. आणि ‘वाडा कोलम’ला बारमाही शोध, विकणारे मोजके, आणि त्यांच्या मालाखाली तक्रारींची रांग. हा तो तांदूळ नाही. आई आणायची तसा वास नाही. आम्ही पूर्वी ठाण्याला असताना मिळायचा तो कुठे गेला? लोक अक्षरशः विचारत होते. आणि तो तांदूळ माझ्या भावाच्या कणगीत होता.

तो काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. आम्ही त्याला झिणी म्हणतो. दाणा बारीक, रंग दुधाळ, अगदी पांढराशुभ्र नव्हे, आणि शिजताना वास शेजारच्या घरापर्यंत जातो. भात गरवे, म्हणजे उशिरा होणारे. हळवे भात कापून लोक मोकळे होतात तेव्हा हे अजून उभे असते. उंच वाढते, परतीच्या पावसात वारा सुटला की आडवे होते. संकरित वाणाचा उतारा याला नाही. तरी माझा भाऊ दीड एकरात तेच करतो, कारण वडील करायचे. होळीच्या आधीपासून राबाची तयारी. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचायचे, ते भाजायचे. पावसाच्या तोंडावर पेरणी. मग गुडघाभर चिखलात आवणी. कार्तिकात कापणी, खळ्यावर झोडणी. गिरणीत शंभर किलो भात भरडले की साठ-पासष्ट किलो तांदूळ हाताला लागतो, आणि त्यातली कणी वेगळी काढावी लागते. २०२१ मध्ये वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले त्या दिवशी भावाने मला फोन केला. तो फोनवर फार बोलत नाही. ‘आपल्या भाताला सरकारने नाव दिलं गं’ एवढेच म्हणाला आणि ठेवून दिला.

आता एक गोष्ट नीट ऐका. मी अंबाडीत राहते. अंबाडी भिवंडी तालुक्यात येते. वाडा तालुका २०१४च्या ऑगस्टपासून पालघर जिल्ह्यात गेला. आमच्या नाक्यावरून निघालेला भिवंडी-वाडा रस्ता कुडूसच्या दिशेने थोडा पुढे गेला की हद्द लागते. माझ्या सासरच्या शेतात, हद्दीच्या या बाजूला, मी माहेरच्याच बियाण्याचे भात लावले आहे. त्याच कणसातले बी, तोच पाऊस, जवळपास तीच माती. ते भात आम्ही घरी खातो आणि नाक्यावर ‘झिणी तांदूळ, अंबाडी’ असे लिहून विकतो. त्याच्या पिशवीवर ‘वाडा’ हा शब्द आम्ही लिहीत नाही. कोणी बघायला येणार नाही, तरी लिहीत नाही. ते नाव माझ्या भावाचे आणि त्याच्या शेजाऱ्यांचे आहे, माझ्या सासरच्या बांधाचे नाही. काही किलोमीटरांवर बसलेली मी हे पाळते. तुमचे गोदाम तर कुठल्या कुठे आहे.

आमची पाच किलोची पहिली पिशवी बाजारावर चढवायच्या तयारीत होतो. अन्न परवान्याची नोंदणी झाली, पिशव्या छापून आल्या. एका सकाळी त्या मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. शोधात सगळ्यात वर एक पिशवी. तिच्या नावात ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘वाडा कोलम’, ‘झिनी’, ‘आईच्या हातची चव’ असे सगळे शब्द ओळीने. तक्रारींच्या अभिप्रायांत आम्ही ज्या शब्दांखाली रेघा मारल्या होत्या, नेमके तेच. लोकांचे दुःख तिथे लिहिलेले असते, हे तुमचेच वाक्य. तुम्ही ते दुःख वाचलेत आणि त्याचे शब्द उचलून पिशवीवर छापलेत. आतला तांदूळ तेवढा बदलायचा राहिला.

तेव्हा मला माहीत नव्हते की ती पिशवी तुमची आहे. मी फक्त फोटो पाहिला. हिरवे शेत आणि बांधावर नारळाची झाडे. आमच्या भाताच्या बांधावर ऐन असतो, पळस असतो, कुठे मोह असतो. ज्याने कधी राब भाजलेला पाहिला आहे तो त्या बांधावर नारळ दाखवणार नाही.

मग मी तुमचीच साधने हातात घेतली. या कामात एकच साधन माझे स्वतःचे, शंभर पानी वही. रोज सकाळी चहाआधी तुमचा भाव लिहायचा. चार महिने लिहिला. नवे भात यायच्या आधी, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात जुने संपत आलेले असते आणि वाड्यात दर चढतो, तेव्हाही तुमचा भाव हलला नाही आणि माल कधी संपला नाही. भाव होता आमच्या भरडणीनंतरच्या खर्चापेक्षा कमी. खरा झिणी त्या भावात विकणारा माणूस पहिल्याच हंगामात बुडेल. अभिप्राय पाहिले तर पाच ताऱ्यांचे डझनावारी, आणि त्यातले बहुतेक एकाच आठवड्यातले, एकाच धाटणीच्या वाक्यांचे. विक्रेत्याने गिऱ्हाईक बनून स्वतःच्या मालाची तारीफ लिहू नये, असे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ लिहिले आहे. तुम्ही आम्हाला तेही शिकवले होते. वहीत आहे.

पिशवीच्या मागे १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असतो. त्यातला दुसरा आणि तिसरा आकडा राज्य सांगतो, महाराष्ट्राचे १५. तुमचे १५ नव्हते. एवढ्यावर मी कोणाला चोर म्हणणार नाही. दुसऱ्या राज्यातला माणूस वाड्याचा तांदूळ विकत घेऊन भरू शकतो. म्हणून मी तुमची पिशवी विकत घेतली. भावाकडे नेली, काही सांगितले नाही. त्याने मूठ भरून तळहातावर चोळली, एक दाणा दाताखाली धरला आणि मला म्हणाला, ‘हा कुठून आणलास? चांगला आहे, पण आपला नाही.’ कुडूसच्या गिरणीवर दाखवला, तिथेही तेच. मग पिशवीवरच्या नंबरला फोन केला. एक मुलगा बोलला, नम्र होता बिचारा. मी विचारले, ‘वाड्यातल्या कोणत्या गावचा तांदूळ आहे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, वाडा हे ब्रँडचं नाव आहे.’

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने सांगितले. पॅकरचा पत्ता मात्र तुमच्या शिकवणीच्या पावतीवरचाच होता, आणि तो वाचून मी ओसरीवर किती वेळ बसून राहिले ते मला आठवत नाही.

तुमच्या पिशवीतला तांदूळ वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते. भावाच्या मते तो एचएमटी आहे. तसे असेल तर तुम्ही एकाच पिशवीत दोन चोऱ्या केल्या आहेत. एचएमटी कोणाचा, ते माहीत आहे का? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. दीड एकराचे शेतकरी. १९८३च्या सुमारास पटेल-३ जातीच्या भातात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या, आणि वर्षानुवर्षे हेच केले. तांदूळ बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळात एचएमटीची घड्याळे लोकांच्या मनगटावर होती, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव दिले. नाव व्यापाऱ्याचे राहिले, तांदूळ देशभर गेला, आणि दादाजींच्या वाट्याला काही सन्मान आले, पैसा जवळजवळ आला नाही. ३ जून २०१८ला ते गेले.

तुम्ही ज्याला ‘प्रॉडक्ट रिसर्च’ म्हणता त्या शब्दाचा मराठीत अर्थ संशोधन. ते दादाजींनी केले होते, उन्हात, लोंबीकडे बघत. त्यांच्याकडे कीपा नव्हते आणि हीलियम टेन नव्हते. त्यांच्या तांदळाला त्यांच्या गावाचे नाव मिळाले नाही. आणि तुम्ही त्याच तांदळाला माझ्या गावाचे नाव लावून विकता. विदर्भातल्या एका गरीब माणसाची बुद्धी आणि वाड्यातल्या शेकडो शेतकऱ्यांचे नाव, दोन्ही एका पिशवीत भरून वर तुमच्या ब्रँडचा शिक्का.

तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे. ‘कोलम हा प्रकार आहे, कोणीही कोलम विकू शकतो.’ बरोबर. सुरती कोलम आहे, लचकारी कोलम आहे, खुशाल विका. ‘वाडा’ हा प्रकार नाही. वाडा हे गाव आहे, तालुका आहे, तिथे माणसे राहतात. ‘सगळेच करतात’ हेही तुम्ही म्हणाल. आंब्याच्या पेट्यांत कोकणाने हेच भोगले. हापूसला २०१८ मध्ये पाच जिल्ह्यांचे मानांकन मिळाले तरी परराज्यातला आंबा त्याच नावाने त्याच गवतात घालून येतो. एकाने केले म्हणून दुसऱ्याचे पाप धुतले जात नाही. आणि मोठ्यांकडे बोट दाखवू नका. रॉयटर्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या इथल्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली होती की दुसऱ्यांचा चालणारा माल अभ्यासून तसाच माल स्वतःच्या नावाने काढायचा आणि शोधात वर आणायचा, असे झाले. कंपनीने ते नाकारले. ती बातमी तुम्हीच आम्हाला हॉलमध्ये वाचून दाखवली होती. तुमचा आवाज चढला होता. ‘लहान विक्रेत्याने कष्टाने शोधलेला माल हे उचलतात’ असे म्हणत टेबलावर हात आपटला होता. मी ते विसरू शकत नाही. कारण तो राग खोटा नव्हता. तुम्हाला अन्याय कळतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी एवढे कागद खर्च केले नसते.

कायदाही तुम्हाला कळतो, तरी लिहून ठेवते. १९९९च्या भौगोलिक मानांकन कायद्याच्या ३९व्या कलमात खोटे मानांकन लावणाऱ्याला ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. ट्रेडमार्क एका दुकानाचा असतो, मानांकन एका मुलखाचे. त्याला मालक एक नसतो, म्हणून चोरी झाली तरी ओरडायला कोणी पुढे येत नाही, हा तुमचा हिशेब. तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. वाड्यातला शेतकरी आवणी सोडून कोर्टात जात नाही.

पण तुमच्यामुळे जे झाले त्याचा हिशेब कुठल्या कलमात नाही, तो मी सांगते. आमची पिशवी शेवटी बाजारावर चढली. तुमच्यापेक्षा महाग, शोधात चौथ्या पानावर. महिन्याभरात काही पिशव्या गेल्या. बायका जमून पाकिटे भरत होत्या, प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालत होत्या: कोणत्या गावचे भात, कोणत्या महिन्यात भरडले. पहिला अभिप्राय आला तेव्हा सगळ्या माझ्या ओसरीवर होत्या. एक तारा. पुण्याच्या एका बाईंनी लिहिले होते की हा वाडा कोलम नाही, फसवणूक आहे, आम्ही नेहमी वाडा कोलम मागवतो, तो पांढराशुभ्र आणि लांब असतो, हा मळकट आणि बारीक आहे.

त्या नेहमी तुमची पिशवी मागवतात, शेठ.

खोटा माल खऱ्याच्या जागी विकला गेला एवढेच असते तर मी नशीब म्हणून सोडले असते. आता खरा माल समोर आला तरी लोक त्यालाच खोटा म्हणतात. खऱ्याची चव कशी होती हेच तुम्ही विसरायला लावले. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षे तो दाणा जपला. आणि एका बाईने, जिची काही चूक नाही, त्याला मळकट म्हटले. गटातल्या मोठ्या मावशी काही बोलल्या नाहीत, पाकिटे भरायची थांबवून उठून गेल्या. तुम्ही तेव्हा माझ्यासमोर असता तर मी काय बोलले असते ते इथे लिहिता येणार नाही.

मी त्या बाईंना उत्तर लिहिले. तीन दिवस लागले. माझ्या भावाच्या शेताचा फोटो पाठवला, ऐनाची झाडे दाखवली, लोंबी सोलून तळहातावर ठेवलेला दाणा दाखवला. त्यांना विचारले, तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे कोणी आहे का, त्यांना एकदा शिजवून द्या. त्यांनी अभिप्राय काढला नाही. पण आठवड्याने खाली एक ओळ वाढवली: सासूबाई म्हणतात, वास तोच आहे.

मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांत नोंद व्हावी म्हणून भावाने कागद दिले आहेत. तुमच्या पिशवीबद्दल तक्रार मी स्वतः केली आहे, जिथे जिथे करता येते तिथे सगळीकडे. चार महिन्यांच्या भावाची वही, परवान्याचा क्रमांक, अभिप्रायांच्या तारखा, पॅकरचा पत्ता आणि पिशवीतला मूठभर तांदूळ जोडला आहे. पुरावा कसा गोळा करायचा हे तुम्ही शिकवले होते. विद्यार्थिनी म्हणून एवढे सांगते की कुठेही आकडा वाढवून लिहिलेला नाही आणि जिथे अंदाज आहे तिथे ‘अंदाज’ असे लिहून त्याखाली रेघ ओढली आहे.

तुमच्याकडून मला पैसे नकोत आणि माफीही नको. पिशवीवरचा ‘वाडा’ हा शब्द काढा. जो तांदूळ भरता त्याचे खरे नाव लिहा, एचएमटी असेल तर एचएमटी लिहा, आणि जागा उरली तर नांदेड, ता. नागभीड एवढे बारीक अक्षरांत छापा. तो तांदूळ स्वतःच्या नावाने खपण्याइतका चांगला आहे. तुमच्या शिकवणीच्या पुढच्या बॅचला तेच शिकवा जे आम्हाला शिकवलेत, त्यातला एक शब्द बदलू नका. फक्त चहाच्या सुटीत एखादी बाई तिचे माहेर सांगेल, तेव्हा मोबाईल खिशात राहू द्या.

नवे भात दिवाळीनंतर खळ्यावर येईल. भाऊ म्हणतो, यंदा लोंबी भरली आहे. तोपर्यंत मी रोज सकाळी चहाआधी तुमची पिशवी उघडून बघते आहे. आजची नोंद झाली आहे: भाव तोच, नाव तेच.

अंबाडीच्या बचत गटाची,
पहिल्या रांगेतली विद्यार्थिनी